मैदान मोठं, तरी होमरन जास्त का?

प्रश्न : अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या कूर्स फील्ड या बेसबॉल मैदानाचं कुंपण एवढं लांब असूनही तिथे होमरन (चेंडू थेट कुंपणापलीकडे जाणारे फटके) जास्त का होतात? आणि दमट हवा जड असल्याने चेंडू लवकर खाली येतो, हे खरं का?

उत्तर : पहिल्याचं कारण उंची. हे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे. हवा विरळ असल्याने चेंडूला अडथळा कमी होतो. समुद्रकाठी ४०० फूट जाणारा फटका इथे साधारण २० फूट पुढे पडतो. म्हणूनच मधलं कुंपण ४१५ फुटांवर ठेवलंय. पण त्यामुळे आउटफिल्डरना (कुंपणाच्या बाजूच्या क्षेत्ररक्षकांना) प्रचंड जागा राखावी लागते आणि त्यांच्या मधोमध पडणारे फटके वाढतात. शिवाय विरळ हवेत कर्व्हबॉल (फिरकी देऊन वळवलेला चेंडू) पुरेसा वळत नाही, पिचरचं म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचं हत्यारच बोथट होतं.

दमट हवेचा समज मात्र उलटा आहे. तापमान आणि दाब तोच असेल, तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. चेंडू कणभर पुढेच जातो. खरा फरक पडतो तो चेंडूनेच ओलावा शोषला की. तो जड, मऊ होतो आणि बॅटवरून कमी उसळतो. म्हणून २००२ पासून कूर्स फील्डवर चेंडू ५० टक्के आर्द्रता राखणाऱ्या खोलीत ठेवू लागले आणि होमरन घटले.

अंतराबरोबर भिंतीची उंचीही पाहा. बॉस्टनच्या फेनवे पार्कची डावी भिंत जेमतेम ३१० फुटांवर, पण ३७ फूट उंच. उंच उडालेला साधा फटका पलीकडे जातो. इतरत्र होमरन ठरला असता असा सपाट, जोरकस फटका भिंतीवर आदळतो आणि बॅटर दुसऱ्या बेसवरच, म्हणजे धाव पुरी होण्याआधी अर्ध्या वाटेवर थांबतो.