डावणीवर भुरीचं औषध मारून मी द्राक्षाचे घड घालवले

"पानावर पांढरं आलंय, तीन फवारण्या झाल्या, बुरशी हटत नाही" हे तुमच्या द्राक्षबागेबद्दलचं वाचलं आणि 2019 चा ऑक्टोबर आठवला. गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) कोवळी फूट, वरून थांबायचं नाव न घेणारा पाऊस. आमचीही तीच तक्रार होती.

दादा, आधी सांगा, पांढरं पानाच्या वर आहे की खाली? वर राखेसारखं असेल, बोटाने पुसलं जात असेल तर भुरी रोग. वर तेलकट पिवळा डाग आणि त्याच्या बरोबर खाली कापसासारखं पांढरं असेल तर डावणी रोग. शंका असेल तर डागाचं पान ओल्या कापसाबरोबर पिशवीत बांधून रात्रभर ठेवा. डावणी असली तर बहुतेक वेळा सकाळी खालून फुललेली दिसते.

मी हे पाहिलंच नाही. पान घेऊन सल्ला मागायला गेलो त्या कार्यालयात साहेबांनी पान उलटंसुद्धा केलं नाही. "बुरशी आहे, कार्बेन्डाझिम मारा, नंतर हेक्झाकोनॅझोल." मारलं. आठ दिवसांत घड तपकिरी पडून गळाले. पुन्हा गेलो तर म्हणे, "फवारणी नीट झाली नसेल."

फवारणी नीटच झाली होती, औषध चुकलं होतं. भुरी ही खरी बुरशी. डावणीला आपण बुरशी म्हणतो, पण ती उमायसिट गटातली. नात्याने समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळची. तिच्या पेशीभित्तीत सेल्युलोज असतं, खऱ्या बुरशीत कायटिन. हेक्झाकोनॅझोल बुरशीच्या पेशींच्या आवरणाला लागणारं अर्गोस्टेरॉल बनणं थांबवतं. डावणी ते बनवतच नाही, मग थांबवणार काय? कार्बेन्डाझिमही तिला लागू पडत नाही. शिवाय तिचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहत पर्णरंध्रातून आत शिरतात, म्हणून ती पावसात आणि दवात भडकते. भुरीला पान ओलं असायची गरजच नाही.

मी कृषी पदवीधर नाही, त्यामुळे औषध-मात्रा लेबल बघूनच ठरवा, निर्यातीचा माल असेल तर दुप्पट काळजी. माझं मत एवढंच, की डावणीला पावसाआधी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) किंवा मँकोझेबसारखं संरक्षक हवं. मेटॅलॅक्सिलवाली औषधं लागू पडतात, पण तेच तेच मारलंत तर डावणी त्याला निर्ढावते. बोर्डो ताजंच करा. त्यात चकचकीत विळा बुडवा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

आणि शेजारच्याचं डाळिंबाच्या तेल्या रोगावर बुरशीनाशक चाललंय असं लिहिलंय तुम्ही. त्याला सांगा, तेल्या जिवाणूचा आहे. तुम्ही मात्र आज संध्याकाळी पान उलटं करून फोटो टाका.