संगणक बंद, तरी हाताशी : व्हीप्रोची प्रश्नोत्तरे

प्रश्न : वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) आमच्या कारखान्यात ४० डेस्कटॉप आहेत. दूरवरून सांभाळता येण्याजोगे कोणते, हे कसं ओळखायचं?

व्हीप्रो ही इंटेलची सोय. तिने बंद संगणकही नेटवर्कवरून सुरू करून सांभाळता येतो. पण तिच्या स्टिकरवर विसंबू नका. प्रोसेसर, चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) आणि लॅन (नेटवर्कची चिप), तिन्ही जुळले पाहिजेत. प्रोसेसर आय५-१२५०० चालतो, आय५-१२४०० नाही. बोर्ड क्यू६७० सारखा, क्यू मालिकेतला बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅनच्या नावाशेवटी 'एलएम' दिसायला हवं. 'व्ही' दिसलं तर विषय संपला. यूएसबीचं किंवा वरून बसवलेलं लॅन कार्ड इथे कामाचं नाही.

प्रश्न : रावपुऱ्यातल्या आमच्या पतपेढीत यंत्रं योग्य निघाली. आता सुरुवात कुठून करू?

आधी बायॉस आणि एमई (व्हीप्रो चालवणारा, बोर्डावरचा छोटा स्वतंत्र संगणक) यांचं फर्मवेअर ताजं करा. २०१७ साली उघड झालेल्या त्रुटीत (आवृत्ती ६ ते ११.६) पासवर्डाचं उत्तर कोरं पाठवलं तरी दार उघडत होतं. जुन्या यंत्रांवर ही दुरुस्ती आहे ना, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग एकाच यंत्रावर हात बसू द्या. सुरू होताना कंट्रोल+पी दाबा. काही कंपन्यांत ते एफ१२ च्या मेनूत असतं. एमईबीएक्सचा, म्हणजे एमईच्या सेटिंगचा, पडदा येईल. मूळ पासवर्ड 'अ‍ॅडमिन', इंग्रजी लहान अक्षरांत. तो लगेच बदलावा लागतो : किमान ८ अक्षरं, त्यात मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा आणि चिन्ह. केव्हीएम (लांबून पडदा, कीबोर्ड, माउस) आणि रीडायरेक्शन (लांबची डिस्क वगैरे जोडणं) सुरू करा, नेटवर्क डीएचसीपीवर (राउटरने आपोआप आयपी देणं) ठेवा आणि शेवटी 'अ‍ॅक्टिव्हेट नेटवर्क अ‍ॅक्सेस' निवडा. हे राहिलं तर बाकी सगळं बरोबर असूनही यंत्र मुकं.

चाचणी दुसऱ्या संगणकावरून घ्या : ब्राउझरमध्ये त्याचा आयपी आणि पुढे :१६९९२. त्याच यंत्रावरून ते पान सहसा उघडत नाही, कारण बाहेरून आलेली पाकिटं लॅन चिप अलीकडेच वळवून घेते, विंडोजपर्यंत जाऊच देत नाही. म्हणूनच विंडोजची फायरवॉल इथे आड येत नाही आणि राखणही करत नाही. १६९९२ वर काहीही कूटबद्ध नसतं. टीएलएस (कूटबद्ध जोडणी) लावून १६९९३ वापरा. हे पोर्ट राउटरवरून इंटरनेटला उघडू नका. घरून काम करायचं तर व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी).

डीएचसीपीवर विंडोज आणि एएमटी (एमईवर चालणारा, लांबून सांभाळण्याचा भाग) एकच आयपी वाटून घेतात. विंडोजला हाताने आयपी दिला की गोंधळ सुरू. राउटरमध्ये मॅक पत्त्यावर (लॅन चिपचा स्वतःचा क्रमांक) आयपी राखून ठेवणं सर्वांत सोपं. नंतर सगळी यंत्रं मेशसेंट्रल या लांबून सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एका यादीत आणता येतात.

प्रश्न : कार्यालय चालू असताना सगळी यंत्रं सापडतात. उत्तरायणाच्या सुट्टीत अपडेट टाकायला घेतले तर निम्मी गायब!

बंद यंत्राच्या मागचा लॅनचा दिवा बघा. विझलेला असेल तर एमईला स्टँडबाय वीज मिळत नाही. बहुधा संध्याकाळी कोणीतरी भिंतीवरचं बटण बंद करतं, किंवा यूपीएससोबत नेटवर्कचा स्विचही झोपतो. तसं नसेल तर बायॉसमधलं 'ईआरपी' किंवा 'डीप स्लीप' हे वीजबचतीचे पर्याय बंद करा, आणि एमईबीएक्सच्या पॉवर धोरणात एस३, एस४-५ (झोपलेलं आणि बंद यंत्र) मध्येही एमई जागं राहील असा पर्याय निवडा.

विश्वामित्रीला पूर आला की खालच्या मजल्याची वीज आपणच तोडतो. तेव्हा हे काही चालणार नाही, आणि चालू नये. पाण्यात राहिलेलं यंत्र लांबून सुरू करण्याचा मोह नको.

प्रश्न : यंत्र सुरू होतं, पण केव्हीएममध्ये काळा पडदा दिसतो. कधी सहा आकडी कोडही मागतो.

काळा पडदा : केव्हीएम चित्र घेतं ते प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवरून. मॉनिटरची वायर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला असेल, तर ती बोर्डाच्या पोर्टला लावा. मॉनिटरच नसेल तर एचडीएमआयचा डमी प्लग लागतो.

कोड : एएमटी विंडोजमधून, सॉफ्टवेअरने चालू केलं की ते 'क्लायंट कंट्रोल' अवस्थेत जातं आणि समोर बसलेल्या माणसाची संमती मागतं. कोड उमटतो त्याच पडद्यावर, आणि रात्री तो वाचायला कोण असतं? एएमटी अनप्रोव्हिजन करून (आधीची मांडणी पुसून) एमईबीएक्समधून पुन्हा लावा, तिथे 'यूझर कन्सेंट'ला 'नन' (None, संमती नको) निवडा. प्रमाणपत्र विकत घेऊन हेच लांबूनही करता येतं, पण त्यासाठी डीएचसीपीच्या १५ क्रमांकाच्या पर्यायात प्रमाणपत्राशी जुळणारं डोमेन हवं. चाळीसेक यंत्रांसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. कीबोर्ड घेऊन टेबलाटेबलाशी फिरलेलं बरं.