‘पास द बक’ म्हणजे काय? आणि ‘कॉप-आउट’ म्हणजे तेच का?

आपल्या गळ्यात आलेलं लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात अडकवून मोकळं होणं म्हणजे ‘पास द बक’. मराठीत टोलवाटोलवी. एवढ्यावर उत्तर संपतं, पण तुम्ही ‘लोक हे प्रत्यक्षात कधी म्हणतात’ असंही विचारलंय, म्हणून लिहायला बसलो. मला ते म्हटलं गेलं आहे. नागपुरात, डिसेंबर महिन्यात, आणि म्हणणाऱ्याला ते अजिबात शोभत नव्हतं.

मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावकला होतो. कोणतं ते विचारू नका, पेन्शन सुरू आहे. नागपूर करार १९५३ चा, त्याचं फळ म्हणून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इकडे भरतं आणि डिसेंबरात शहराचा श्वास अडकतो. सिव्हिल लाइन्समध्ये मुंबईच्या गाड्या, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीत, मोर्चे, आणि कार्यालयांमध्ये आमदारांच्या तारांकित प्रश्नांची माहिती गोळा करायची पळापळ. १९९० च्या दशकातल्या एका अधिवेशनात आमच्याकडची माहिती दोन दिवस उशिरा गेली. वरून विचारणा आली. साहेबांनी कळवून टाकलं की पत्र आवक-जावक शाखेने वेळेत सादरच केलं नाही. मला बोलावलं. मी म्हटलं, सर, पत्र आलं त्याच दिवशी तुमच्याकडे पाठवलं होतं. तर चार माणसांसमोर साहेब गरजले, “डोन्ट पास द बक!”

मला वाटलं बकबक करू नका म्हणताहेत. म्हणून गप्प बसलो. घरी येऊन डिक्शनरी उघडली तर ‘बक’ म्हणजे नर हरीण. हरीण पुढे पाठवू नका? बायको म्हणाली, “जाऊ द्या ना, दुसऱ्या कशाचा राग असन त्यायले.”

खरी गोष्ट पुष्कळ वर्षांनी वाचली, आणि गंमत म्हणजे डिक्शनरी फार चुकलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पोकर खेळताना पत्ते वाटायची पाळी ज्याची, त्याच्यापुढे एक खूण ठेवत. बहुधा हरणाच्या शिंगाच्या मुठीचा चाकू असे, त्यावरूनच ‘बक’ आलं असं मानतात. ज्याला वाटायचं नसेल तो ती खूण पुढच्याकडे सरकवायचा. डॉलरला बक म्हणतात त्याचा उगम वेगळा सांगतात, हरणाच्या कातड्यांच्या व्यापाराशी जोडलेला.

पुढचं सांगतो, जे सांगायला मला आवडत नाही. मला कारणे दाखवा नोटीस आली. घाबरलो होतो, मुलं लहान होती. खुलाशात लिहून दिलं की पत्र शिपायाच्या हाती दिलं होतं, ते पोचलं नसल्यास त्याची चौकशी व्हावी. म्हणजे साहेबांनी माझ्यापुढे सरकवलेला चाकू मी शिपायापुढे सरकवला. तो माझ्या टेबलाशी येऊन शांतपणे म्हणाला, “बाबूजी, माया खाली तं कोणीच नाही. मी कोणावर ढकलू?”

त्या दिवशी संध्याकाळी थांबून पोचवही काढली. आधीच काढायला हवी होती, पण भीतीत डोकं चालत नाही. पान सापडलं. साहेबांच्याच स्वीय सहायकाची सही, तारीख, वेळ, सगळं व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये वही पुढे ठेवली. साहेबांनी पाहिली, चष्मा काढला, म्हणाले, “ठीक आहे, विषय संपवा.” नोटीस दफ्तरी दाखल झाली. चार माणसांसमोरचं ‘डोन्ट पास द बक’ मात्र कोणी दफ्तरी दाखल केलं नाही.

आमचे साळेबुवा आजही लग्नाकार्यात भेटले की म्हणतात, तुम्ही भर हॉलमध्ये वही आपटायला पाहिजे होती. साळेबुवा, नोकरी तुमची नव्हती. आणि हॉलचंच म्हणाल तर शिपायाची माफी मीही हॉलमध्ये नाही मागितली, बाहेर टपरीवर मागितली, तर्री पोहे खाऊ घालून. तो पोहे खाऊन गेला. बोलला काही नाही.

आता ‘कॉप-आउट’. ते वेगळं आहे, त्यात दुसऱ्या माणसाची गरज नाही. जे करायला हवं ते टाळायला एखादी लंगडी सबब पुढे केली की कॉप-आउट. नाकर्त्याचा वार शनिवार, तसं. यातला ‘कॉप’ पोलीस नव्हे. ‘कॉप अ प्ली’ म्हणजे मोठा गुन्हा टळावा म्हणून छोटा कबूल करणं, त्याच घरातला हा शब्द आहे. पास द बकला मात्र किमान दोन माणसं लागतात आणि दुसरं बहुतेक वेळा खालच्या पगाराचं असतं.

कोणी म्हणतं मराठीत याला चपखल शब्द नाही. कसा नाही! हात झटकणे, काखा वर करणे, खापर फोडणे, अंग काढून घेणे. आणि सरकारी मराठीने तर कळस केला आहे: “याबाबत वरिष्ठ कार्यालयाचे मार्गदर्शन मागवावे.” “चर्चा करावी.” “आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही व्हावी.” एवढ्या तीन शेऱ्यांवर फाइल दोन वर्षं फिरलेली मी पाहिली आहे. आम्हा नागपूरकरांचा तर सणच आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, गावाची सगळी ईडापीडा तिच्यावर टाकायची आणि ओरडायचं, “घेऊन जा गे मारबत!” मारबत बिचारी जळून जाते. कार्यालयातल्या मारबतीला दुसऱ्या दिवशी साडेनऊला पुन्हा कामावर यावं लागतं.

तुम्ही नोकरीत असाल तर इंग्रजी वाक्प्रचार नंतर शिका, आधी प्रत्येक कागदाची पोच घ्यायला शिका. तोंडी आदेश आला तर त्यावर दोन ओळींची टिपणी ठेवा. स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात ठेवायची प्रत, घरी नेऊ नका, पण ती कुठल्या कपाटात आहे ते पाठ असू द्या. हां, एक राहिलं: पुढे पाठवलेली प्रत्येक फाइल टोलवाटोलवी नसते. निर्णयाचा अधिकारच आपल्याकडे नसेल तर ती वर पाठवणं हेच काम आहे. तेवढा फरक करा, नाहीतर उद्या तुम्हीच कोणावर ओरडाल.

अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या टेबलावर एक पाटी असायची, ‘द बक स्टॉप्स हिअर’. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांना मिळालेली, ओक्लाहोमातल्या एल रेनोच्या तुरुंगात बनवलेली. साहेबांच्या निरोप समारंभाला तशीच पाटी द्यावी, असं मी वर्गणी जमवणाऱ्यांना सुचवलं. एक म्हणाला मोठ्या बाबूंना विचारा, मोठे बाबू म्हणाले युनियनला विचारा, युनियनवाले म्हणाले बहुमताने ठरवा. शेवटी भिंतीवरचं घड्याळ दिलं. पाटी मी बर्डीवरून स्वतःच्या पैशाने करून घेतली, मराठीत: ‘टोलवाटोलवी इथे संपते’. ती आमच्या टीव्हीशेजारी असते. मार्च लागला की बायको तिच्याकडे बोट दाखवते आणि विचारते, कूलरच्या ताट्या कोण बदलणार आहे.