मुंबईच्या फोर्टात पहिल्यांदा पायी फिरणार असशील तर...

हे बघ, एका दिवसात सगळं उरकायचा नाद करू नकोस. रविवारी सकाळी लवकर सीएसएमटीपासून सुरू कर, रस्ते मोकळे असतात, आणि गेटच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ नीट बघ, सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा. तिथून फ्लोरा फाउंटन, मग हॉर्निमन सर्कलला जाऊन टाउन हॉल, ही इमारत १८३३ची, म्हणजे स्टेशनपेक्षा अर्धशतक जुनी, म्हणूनच इथे ग्रीक धाटणीचे जाड खांब दिसतात आणि स्टेशनावर टोकदार गॉथिक कमानी. हा फरक डोळ्यात बसला ना की पुढचं आपोआप कळायला लागतं, १८६०च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली म्हणून ही मोठी गॉथिक कामं उभी राहू शकली.

ओव्हल मैदान मात्र संध्याकाळसाठी ठेव, मला सगळ्यात जास्त आवडणारी जागा. हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर पश्चिमेकडे तोंड करून आहेत त्यामुळे उतरतं ऊन थेट दगडावर येतं, आणि मागे वळलास की समोर आर्ट डेकोची, म्हणजे गोलसर कोपऱ्यांच्या आणि साध्या रेषांच्या इमारतींची रांग. नुसते फोटो काढत सुटू नकोस रे, मान वर करून चाल.