आधुनिक कला शिकायला सुरुवात कुठून करावी?

‘बारावीनंतर चित्रकलेला जायचंय, पण कलेतले इतके सगळे “इझम”, म्हणजे शैलींचे पंथ, पाहून गोंधळ होतो,’ असं तुम्ही विचारलंय. नावं पाठ करू नका. पॉल सेझान या एकाच चित्रकाराला धरून बसा.

1874 मध्ये पॅरिसला मोने, रन्वार, देगा वगैरेंनी स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, त्यात सेझानही होता. मोनेच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या चित्रावरून एका समीक्षकाने टिंगल केली आणि तेच नाव चिकटलं: इम्प्रेशनिझम. या मंडळींना क्षणाचा प्रकाश पकडायचा होता. सेझानला तेवढं पुरेना. त्याला वस्तूचा घट्टपणा हवा होता. सेंट व्हिक्तॉयर हा एकच डोंगर त्याने पुन्हा पुन्हा रंगवला. त्यातली सुरुवातीची आणि शेवटची चित्रं शेजारी ठेवून पाहा: डोंगर हळूहळू रंगांच्या ठोकळ्यांत विरघळत जातो. त्याची टेबलावरची सफरचंदंही बघा. टेबलाच्या कडा एका रेषेत जुळतच नाहीत, कारण तो एकाहून अधिक कोनांतून पाहतोय. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांचा क्यूबिझम, म्हणजे वस्तू एकाच वेळी अनेक कोनांतून, तुकड्यातुकड्यांत दाखवणारी शैली, इथूनच फुटला. हे डोळ्यांना दिसलं की पुढचं वाचन खूप सोपं जाईल.

मुंबईजवळ असाल तर काळा घोड्याच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नक्की जा. 1947 च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुप या आधुनिक भारतीय चित्रकारांच्या गटातल्या रझा, सूझा, हुसेन यांची चित्रं जिथे भेटतील तिथे सावकाश पाहा.