अँडीजमधील तांबड्या मानेची चिमणी

प्रश्न : हिवाळ्यात आमच्या शिवारातील ज्वारीवर काळ्या डोक्याच्या भारीटांचे थवे उतरतात. एका पुस्तकात अँडीज पर्वतातील तांबड्या मानेच्या चिमणीचे चित्र पाहिले, तेव्हा तिची चोच मला भारीटासारखी वाटली. ती घरातल्या चिमणीच्या नात्यातली की भारीटाच्या? शिवाय तिच्या सुमारे पंचवीस उपजाती आहेत असे तेथे लिहिले होते, त्या कशावरून ठरवतात?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आपला अंदाज बरोबर आहे. नावात चिमणी असली तरी घरातल्या चिमणीशी या पक्ष्याचे जवळचे नाते नाही. अलीकडच्या काळापर्यंत त्याला भारीटांच्याच एम्बेरिझिडी कुलात ठेवले जात असे. मात्र जनुकीय अभ्यासातून अमेरिका खंडातील या चिमण्यांची शाखा स्वतंत्र असल्याचे दिसून आल्यावर अमेरिकेतील पक्षितज्ज्ञांच्या संस्थेने 2017 मध्ये त्यांचे पॅसेरेलिडी हे वेगळे कुल मान्य केले. त्याचे शास्त्रीय नाव झोनोट्रिकिया कापेन्सिस (कापेन्सिस म्हणजे केपचा) असे असून, 1776 मध्ये म्युलर यांनी ते देताना हा पक्षी आफ्रिकेतील केप ऑफ गुड होपचा असल्याचा गैरसमज झाला होता. आफ्रिकेत हा पक्षी मुळीच नाही, पण आधी दिलेले नाव केवळ अर्थ चुकला म्हणून बदलायचे नाही, असा नामकरणाचा नियम असल्याने ती चूक आजही कायम आहे.

दक्षिण मेक्सिकोपासून थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील टिएरा डेल फ्यूगोपर्यंत, समुद्रकिनाऱ्यापासून चार हजार मीटरच्या आसपासच्या पठारांपर्यंत पसरलेल्या या जातीचे रंग, डोक्यावरील पट्टे, आकारमान आणि पंखांची लांबी प्रदेशानुसार बदलत जाते, आणि त्या फरकांवरूनच उपजाती पाडल्या आहेत. सर्वांत ठळक उदाहरण दक्षिण टोकाच्या ऑस्ट्रालिस उपजातीचे आहे. इतरत्र ठसठशीत असणारे डोक्यावरील काळे पट्टे तिच्यात जवळजवळ पुसले जाऊन डोके राखाडी दिसते, पंख लांब असतात, आणि तिथला हिवाळा सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे पेरण्यांची धांदल असते तेव्हा, ती उत्तरेकडे स्थलांतर करते. विषुववृत्ताजवळच्या अँडीजमधील तिचे भाऊबंद मात्र बारा महिने एकाच डोंगरावर राहतात. इतका फरक असूनही या सर्वांना एकच जाती मानतात, कारण शेजारच्या उपजाती जिथे भेटतात तिथे त्यांचा आपसांत संकर होतो आणि मधल्या रूपाचे पक्षी आढळतात. म्हणूनच नकाशावरील उपजातींच्या रेषा अभ्यासकांनी सोयीसाठी आखलेल्या आहेत असे मी मानतो. वऱ्हाडी नेमकी कोणत्या गावी संपते आणि झाडीबोली कुठे सुरू होते, हे तरी कोण ठामपणे सांगेल?

बोलीचा हा दाखला येथे शब्दशः लागू पडतो. पिल्ले गाणे आसपासच्या प्रौढ नरांकडून शिकतात, त्यामुळे दर बारा कोसांवर भाषा बदलावी तशा या पक्ष्याच्याही गाण्याच्या बोली आहेत. अर्जेंटिनात 1960 च्या दशकात नॉटेबोम यांनी आणि पुढे इतरांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले, की गाण्याच्या शेवटी येणारी कंपयुक्त तान मोकळ्या गवताळ रानात जलद, तर झाडीच्या प्रदेशात संथ असते. या बोलींच्या सीमा उपजातींपेक्षा तिथल्या वनस्पतींशी अधिक जुळतात, त्यामुळे केवळ गाणे ऐकून उपजात ओळखता येत नाही.