दारावरची चिठ्ठी आणि जिन्यातली पाटी

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी आम्ही पुण्याहून जर्मनीतल्या श्टुटगार्टला आलो. एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, मुलगा सहा वर्षांचा आहे. मागच्या रविवारी सकाळी आठ वाजता मी इडलीबरोबरची चटणी मिक्सरमध्ये वाटली आणि संध्याकाळी दारावर चिठ्ठी चिकटवलेली दिसली. ‘प्रिय शेजारी’ अशी सुरुवात, रविवार विश्रांतीचा असल्याची आठवण आणि खाली आमच्याच खालच्या घरात राहणाऱ्या आजींची सही. जिन्यात भेटल्या की या बाई हसून बोलतात, मग तोंडावर सांगायला काय हरकत होती? त्याच आठवड्यात कुणीतरी आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवून गेले. तिचा अर्थ समजेपर्यंत चार दिवस उलटले. दिवाळीला सासूबाई येणार आहेत. शेजाऱ्यांना फराळाला बोलवावे, की चार हात लांब राहिलेलेच बरे?

उत्तर : ताई, ती चिठ्ठी रागाच्या भरात फाडून टाकली नसेल, तर एकदा शांतपणे पुन्हा वाचा. त्या बाईंनी खाली स्वतःचे नाव लिहिले आहे आणि घरमालकाकडे किंवा इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यालयाकडे जाण्याआधी तुम्हाला कळवले आहे. आपल्याकडे चिठ्ठी म्हणजे बोलणे तुटल्याची खूण. इथे बहुतेक वेळा ती बोलण्याची सुरुवात असते. जिन्यातले हसू आणि दारावरची तक्रार या दोन गोष्टी त्यांच्या लेखी एकमेकींच्या आड येत नाहीत, कारण तक्रार मिक्सरची आहे, तुमची नाही.

हे मला फार उशिरा समजले. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी एका रविवारी दुपारी मी पिशवीभर रिकाम्या बाटल्या घेऊन चौकातल्या काचेच्या पेट्यांकडे गेलो. पांढरी काच एकीकडे, हिरवी दुसरीकडे, तपकिरी तिसरीकडे, एवढे शिकून घेतले होते आणि त्याचा थोडा अभिमानही होता. दुसरी बाटली आत पडून फुटली आणि समोरच्या खिडकीतून एका वृद्ध गृहस्थांचा खणखणीत आवाज आला, ‘आज रविवार आहे!’ बाटल्या टाकण्याची वेळ पेटीवर स्पष्ट छापलेली होती, ती मी वाचली नव्हती. उरलेल्या बाटल्या घेऊन मान खाली घालून घरी आलो आणि दोन दिवस तो रस्ता टाळला. तिसऱ्या दिवशी हेच गृहस्थ पावाच्या दुकानात माझ्या पुढे उभे होते; त्यांनी वळून नमस्कार केला आणि कोणता पाव ताजा आहे ते सांगितले. त्यांच्या दृष्टीने रविवारचा विषय रविवारीच संपला होता, तो मनात घेऊन फिरत होतो फक्त मी.

रविवारचे महत्त्व जर्मनीत केवळ रूढीचे नाही. 1919 च्या वायमार राज्यघटनेने रविवार आणि सणाचे दिवस कामापासून विश्रांतीचे दिवस म्हणून संरक्षित केले आणि 1949 च्या मूलभूत कायद्याने, म्हणजे जर्मनीच्या आजच्या राज्यघटनेने, ते कलम जसेच्या तसे उचलले. म्हणून दुकाने बंद, भिंतीला भोक पाडणे बंद, गवत कापण्याचे यंत्रही बंद. रोजची रात्रीची शांतता साधारण दहापासून सकाळी सहापर्यंत असते आणि अनेक इमारतींत दुपारी एक ते तीन या वेळेतही आवाज करू नये असे लिहिलेले असते. तुमच्या इमारतीचे नेमके नियम ‘हाउसऑर्डनुंग’ नावाच्या कागदावर असतील. तो भाडेकराराला जोडलेला असतो आणि बहुधा जिन्यात तळमजल्यावर चिकटवलेलाही असतो. सोसायटीच्या फलकावरची सूचना आपण जशी येताजाता पाहून सोडून देतो, तशी ही सोडू नका. शब्दकोश घेऊन एक संध्याकाळ त्याच्यासाठी बाजूला ठेवा.

याचा अर्थ रविवारी चटणी करायचीच नाही असा मुळीच नाही. स्वयंपाकाचा नेहमीचा आवाज कुणी मना करत नाही. अडचण सकाळच्या आठची आणि जुन्या इमारतीतल्या लाकडी तक्तपोशीची आहे, जिच्यातून आपला भारतीय मिक्सर खालच्या घरात थेट उशीपर्यंत पोहोचतो. मिक्सरखाली जाड टॉवेलची घडी ठेवा, भिंतीपासून तो थोडा दूर घ्या आणि रविवारचे वाटण शनिवारी संध्याकाळीच उरकून ठेवा. मुलाच्या धावण्यासाठी खोलीत जाड गालिचा घाला. लहान मुलांच्या आवाजाबाबत इथे कायदाही बराच उदार आहे. पाळणाघरे आणि खेळाची मैदाने यांतून येणारा मुलांचा आवाज हा सर्वसाधारणपणे उपद्रव मानू नये, अशी तरतूद 2011 साली करण्यात आली. घरात मात्र दुपारच्या आणि रात्रीच्या शांततेत त्याला चेंडू आपटू न देणे हे आपलेच काम आहे.

आता पाटी. ती ‘केरवोखे’ची, म्हणजे झाडलोटीच्या आठवड्याची पाटी आहे आणि ही खास श्वाबिया भागाची, म्हणजे तुमच्याच परिसराची चाल आहे, हांबुर्गच्या माणसालाही तिचे हसू येते. पाटी दारावर आली की त्या आठवड्यात तुमच्या मजल्यापुढचा जिना झाडून पुसायची पाळी तुमची. तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा, इमारतीसमोरचा पदपथ आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फ हे मोठ्या पाळीत येते. काम दहा मिनिटांचे असते, पण ते झाले की नाही हे सगळी इमारत पाहत असते. शनिवारी दुपारच्या आत जिना पुसून घ्या आणि आठवडा संपला की पाटी पुढच्या घराच्या दाराला स्वतः अडकवून या. ती तुमच्याच मुठीला लटकत राहिली, तर पुढच्या पाळीचा घोळ होतो आणि त्यावर मात्र खरोखर नाराजी ओढवते. गेल्या आठवड्यातली पाळी चुकली असेल, तर आजींना तसे सांगून टाका. ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे वाक्य इथे कमीपणाचे मानत नाहीत, पण ते एकदाच चालते.

चिठ्ठीला चिठ्ठीनेच उत्तर देऊ नका. एखाद्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास खाली जाऊन घंटा वाजवा, दाराबाहेर उभे राहूनच दोन वाक्यांत दिलगिरी सांगा आणि यापुढे काय करणार आहात तेही सांगा. भारतात रविवारी कसे असते याचे लांबण लावू नका; त्यांना कारण नको असते, रविवारी सकाळी झोप हवी असते. त्यांना आडनावाने आणि ‘झी’ म्हणूनच बोला. आपण दोन भेटींत कुणालाही मावशी किंवा आजी करून टाकतो, परंतु जर्मनीत ‘झी’वरून ‘डू’वर, म्हणजे अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येण्याचा प्रस्ताव वयाने मोठ्या माणसाने मांडायचा असतो. तो कधीच आला नाही, तरी शेजार उत्तम असू शकतो.

एक गोष्ट सोडून पुढे जाणे बरे नव्हे. सगळ्याच चिठ्ठ्या अशा सरळ नसतात. मजकूर आवाजाविषयी, वासाविषयी किंवा कचऱ्याविषयी असेल तर तो तेवढाच समजा. पण ‘तुम्ही लोक’ अशी भाषा आली, तर मनाची समजूत घालत बसू नका. ती चिठ्ठी तारीख घालून जपून ठेवा, भाडेकरूंच्या संघटनेत जाऊन दाखवा, आणि 2006 पासून काम करणारे केंद्रीय भेदभावविरोधी कार्यालय आहे, त्याच्याकडेही सल्ला मागता येतो. तुमच्या आजींच्या चिठ्ठीत मला तसे काही दिसले नाही.

दिवाळीविषयी आधी सासूबाईंना तयार करा. फटाके इथे सामान्य नागरिकाला फक्त 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीला उडवता येतात आणि विक्रीही वर्षअखेरच्या मोजक्या दिवसांतच होते. त्यामुळे लवंगी माळ बॅगेत भरू नये हे निघण्याआधीच सांगा. विमानातही ती चालत नाही. पणत्या घरात किंवा गॅलरीत लावा, जिन्यात नको, कारण जिना हा आगीच्या वेळी सुटकेचा मार्ग असतो आणि तिथे चपलांचे कपाट ठेवण्यावरूनही वाद होतात. रांगोळी उंबऱ्याच्या आतच घाला. चकल्या तळताना धूर झाला, तर घराचे मुख्य दार उघडू नका, स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडा. तेलाचा वास जिन्यात गेलेला कुणाला आवडत नाही, शिवाय घरातल्या पॅसेजमध्ये छताला धूर ओळखणारे यंत्र असते आणि ते आपल्या फोडणीला आग समजून सगळी इमारत जागी करते.

आणि हो, फराळाला जरूर बोलवा. रविवारी दुपारी कॉफी आणि केक घेण्याची त्यांची जुनी पद्धत आहे. केकच्या जागी शंकरपाळे आणि चिवडा आला, एवढाच फरक. ‘या हो कधीतरी घरी’ असे मात्र म्हणू नका, कारण ते खरे समजून आजी लगेच वही काढतील आणि कोणत्या दिवशी असे विचारतील. तारीख आणि साडेतीन ते साडेपाच अशी वेळ दोन-तीन आठवडे आधी कागदावर लिहून द्या, कशात शेंगदाणे आणि काजू आहेत तेही लिहा. त्या साडेतीनला येतील, तेव्हा तुम्ही साडीच्या निऱ्या करत असू नका. दुसऱ्यांदा वाढताना त्यांनी नको म्हटले, की नकोच असते. सासूबाईंना आग्रहाची सवय असेल, म्हणून त्यांच्या कानावर हे आधी घाला. जाताना लाडवांचा डबा द्या. तो दोन दिवसांनी स्वच्छ घासून, कोरडा करून आणि पूर्ण रिकामा परत येईल, हेही सासूबाईंना सांगून ठेवा.